आप्पांची साठीशांत आणि लीलाचं लग्न

आप्पा मुळ्ये साठ वर्षांचे झाले त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ओटीवर भटजी त्यांच्या अंगावर अभिषेकाचं पाणी शिंपडत होते, जानेवारीच्या गारठ्यात आता सर्दी होणार म्हणून आप्पा मंत्रांच्या मधून मधून कुरकुरत होते, आणि आत स्वयंपाकघरात लीला नारळ खवता खवता आपल्या जावेला म्हणाली, "वहिनी, एक पान जास्त लागेल. मी सुर्व्यांना जेवायला बोलावलंय."

सुनेत्रावहिनी अळूच्या फदफद्यात डाव फिरवत होत्या. "कोण गो सुर्वे?"

"श्रीपतराव सुर्वे. एस्टी स्टँडवर नियंत्रक आहेत. माइकवरून गाड्या सांगतात ते."

सुनेत्रावहिनी हसल्या. तो आवाज रत्नागिरीत कोणाला ठाऊक नव्हता? देवरूख गाडी, वेळणेश्वर गाडी, मुंबईची रात्रीची गाडी, सगळ्या त्याच एका भरदार, संथ आवाजात फलाटाला लागत. "तो माणूस आहे होय? मी आपली समजत होत्ये, टेप लावतात."

"माणूस आहेत. अठ्ठावन्न वर्षांचे, देवरूखचे. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. एक मुलगी आहे, हौसा, ती लांज्याला दिलीय."

"बरं. पण आपल्याकडे कसे काय?"

लीलाने खोबरं ताटात झटकलं, नारळाची दुसरी कवड उचलली आणि मान वर न करता सांगितलं, "वहिनी, मी त्यांच्याशी लग्न करणार आहे."

डाव फिरायचा थांबला. बाहेर भटजींचा आवाज चढला आणि उतरला.

"हळू बोल," सुनेत्रावहिनी म्हणाल्या.

"हळूच बोलतेय."

"आणि हे तू मला आज सांगत्येस? साठीशांतीच्या दिवशी? तीस माणसं जेवायची आहेत घरात."

"आज सदू आहे, राही आहे, आप्पा आहेत. सगळे एका जागी पुन्हा कधी सापडायचे? पत्रातून लिहिण्यासारखी गोष्ट नाही ही. आणि चोरून जायचं नाही मला."

सुनेत्रावहिनींनी पाट ओढला आणि बसल्या. आप्पांचा धाकटा भाऊ बाळा, म्हणजे लीलाचा नवरा, चार वर्षांपूर्वी कोर्टातून घरी येता येता वाटेतच गेला. तेव्हा लीला एकोणपन्नास वर्षांची होती. आप्पांना मूलबाळ नाही, बाळाचा एकुलता सदू ठाण्याला नोकरीला, त्यामुळे खालच्या आळीतल्या त्या घरात तीनच माणसं उरली होती. लीला रोज सकाळी सातच्या गाडीने हातखंब्याच्या शाळेत मराठी शिकवायला जाई आणि दुपारी परत येई. एवढ्याशा येण्याजाण्यात हे सगळं कधी घडलं, ते सुनेत्रावहिनींच्या ध्यानात येईना.

"त्यांनी विचारलं तुला?"

"नाही. मी विचारलं."

"तू?"

"ते कधीच विचारणार नव्हते, वहिनी. ते पाटी रंगवत बसले असते."

मग लीलाने थोडक्यात सांगितलं. सुर्व्यांच्या खिडकीवर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला एक पुठ्ठा होता, 'कृपया गर्दी करु नये'. एक दिवस लीला खिडकीशी थांबून म्हणाली, 'करू'मधला रू दीर्घ असतो. दुसऱ्या दिवशी तो दीर्घ झाला. पुढच्या आठवड्यात नवा पुठ्ठा, नवी चूक. तीही तिने दाखवली. असं वर्षभर चाललं. गेल्या पावसाळ्यात ती तापाने आठ दिवस घरी पडून होती. नवव्या दिवशी स्टँडवर गेली, तर सुर्वे खोलीतून बाहेर आले, हातात चहाचा कप होता, आणि म्हणाले, "बाई, पहिल्या दोन चुका खऱ्या होत्या. बाकीच्या मी मुद्दाम केल्या." एवढं बोलून पुन्हा आत गेले. पुढचं विचारायला तिला तीन महिने लागले.

सुनेत्रावहिनींना हसू येत होतं आणि ते दिसू नये म्हणून त्यांनी डाव पुन्हा फिरवायला घेतला. जातीचं, भाऊबंदांचं, आळीचं, सगळं डोक्यात आलं, पण खरं खुपलं ते वेगळंच. दुपारी शाळेतून आली की लीला मागच्या पडवीत त्यांच्याबरोबर चहा घेई, वर्गातल्या पोरींच्या नकला करून दाखवी. एकतीस वर्षं दोघी एका चुलीवर होत्या. ही गेली म्हणजे मागच्या पडवीत कोण?

"मला यात ओढू नकोस," एवढंच म्हणाल्या. "मला काही ठाऊक नव्हतं, असंच मी सगळ्यांना सांगणार."

"खरंच आहे ते. आत्तापर्यंत नव्हतंच ठाऊक."

"तेच तर," असं म्हणून सुनेत्रावहिनींनी फदफद्यात नको तेवढा गूळ घातला.

*

सदू त्या दिवशी खुशीत होता. ठाण्याच्या पंप बनवणाऱ्या कारखान्यात तो नकाशे काढायचा, चार दिवसांची रजा घेऊन आला होता, त्याच्या बायकोला, राहीला, सहावा महिना लागला होता, आणि आदल्या संध्याकाळी त्याने आप्पाकाकांना गाठून आपला बेत पक्का केला होता. आईने नोकरी सोडायची आणि ठाण्याला यायचं. बाळ झालं की घरात तिच्यासारखं माणूस हवंच. आप्पा म्हणाले होते, "योग्य आहे. इथे एकटी काय करणार ती?" जेवणं उरकली की आईला सांगायचं, असं ठरलं होतं.

बाराला सुर्वे आले. उंच, सावळे, इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि हातातल्या पिशवीत देवरूखच्या परसातला चांगला पाच किलोचा सुरण. तो त्यांनी सत्काराच्या नारळांशेजारी ठेवला आणि आप्पांना हात जोडून म्हणाले, "नमस्कार. मी श्रीपती सुर्वे."

ओटीवरच्या सगळ्या माना एकदम वळल्या. आप्पांचे जुने शेजारी धोंडूकाका तर अर्धे उठलेच. "अहो, देवरूख गाडीचा आवाज हा."

"होय. तोच मी."

"मग आज देवरूख गाडी कितीची हो?"

"दीडची, फलाट तीन. पण आज मी रजेवर आहे. आज दुसऱ्याचं ऐकायचं."

लोक हसले. आप्पांनाही माणूस आवडला. लीलाच्या शाळेच्या वाटेवरची ओळख, शिवाय सरकारी नोकरीतला, म्हणजे कधीतरी उपयोगी पडणारा, असा त्यांनी हिशेब केला आणि त्याला पंगतीत सदूशेजारी बसवलं.

सदूला तर फारच आवडला. पंपाचं काम म्हणताच सुर्व्यांनी आपल्या विहिरीवरच्या पंपाचं दुखणं सांगितलं. पाणी मध्येच तुटतं, पुन्हा भरून चालू करावं लागतं. सदूने भाताच्या मुदीची विहीर केली, मिठाच्या ढिगाचा पंप केला, आणि बोटाने पाइप काढून कुठे हवा शिरते ते समजावलं. सुर्वे मन लावून ऐकत होते. मध्ये लीला जिलबी वाढायला आली. "सुर्वे, अजून एक घ्या."

"नको, बाई. तीन झाल्या."

"दोन झाल्या. मी वाढतेय, मला ठाऊक आहे."

"मग दोनच असतील," सुर्वे म्हणाले आणि त्यांनी तिसरी घेतली.

सदूला त्यातही काही दिसलं नाही. उलट मोकळेपणाने तो म्हणाला, "आईला ठाण्याला नेतोय आता. अजून तिला सांगितलं नाही. जेवणं झाली की सांगणार."

सुर्व्यांचा घास हातातच राहिला. "त्यांना विचारलंत?"

"आईला काय विचारायचं? नातवंडासाठी येणार नाही का ती?"

सुर्व्यांनी हातातला घास पानात ठेवला. मग म्हणाले, "मठ्ठा छान झालाय. घ्या."

*

राही माजघरात भिंतीला उशी लावून बसली होती. तीन वाजले होते, पाहुणे गेले होते. सुर्वेही निघाले होते, पण आप्पांनी सोडलं नाही. "भर उन्हात कुठे जाता? पान खा, ओटीवर जरा पडा," असं म्हणून त्यांना चटई टाकून दिली. बिचाऱ्या आप्पांना काही ठाऊकच नव्हतं. राहीलाही नव्हतं, पण सकाळपासून मोठ्या सासूबाई भांडी आपटत होत्या, त्यावरून काहीतरी आहे, एवढं तिच्या ध्यानात आलं होतं.

सदूने घसा साफ केला आणि बेत सांगितला. बराच वेळ सांगितला. ठाण्याची खोली, गॅलरी, जवळचं देऊळ, बागेत येणाऱ्या बायका.

लीलाने सगळं ऐकून घेतलं. "मला नाही येता यायचं, सदू," ती म्हणाली. "मी लग्न करतेय. ओटीवर झोपलेत ना, त्यांच्याशी."

राहीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा गाडी चुकलेल्या माणसासारखा झाला होता.

"त्या माणसाशी?" सदू म्हणाला. "तो आत्ता तासभर माझ्या शेजारी बसून पंपाबद्दल बोलत होता."

"चांगलं झालं की. ओळख झाली."

"त्याला सगळं ठाऊक होतं, आणि गप्प बसला?"

"मीच सांगितलं होतं. मी बोलेपर्यंत तुम्ही बोलायचं नाही म्हणून."

सदू उठून उभा राहिला, मग पुन्हा बसला. "आई, लोक काय म्हणतील याचा तरी विचार केलास? वय काय तुझं? मी बाप होणार आहे तीन-चार महिन्यांत."

"वयाचा केला, लोकांचा केला, तुझाही केला. तीन महिने विचारच करत होते."

आप्पा झोपाळ्यावर होते. त्यांनी पायाने झोपाळा थांबवला. "सुर्वे म्हणजे मराठे."

"हो."

"मासे खातात."

"खातात. त्यांचे ते शिजवतात, वेगळ्या भांड्यात. मी विचारून घेतलंय."

राहीला हसू आवरेना. तिने पदर तोंडाशी धरला. आप्पा मात्र हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते. भिंतीवर त्यांच्या भावाचा फोटो होता आणि ते तिकडे बघत होते. "लीला, चार वर्षांत बाळाला विसरलीस?"

लीला दारालगत उभी होती. तीही फोटोकडेच बघत म्हणाली.

"विसरायला कशाला लग्न करायला हवं, आप्पा? विसरायचं असतं तर नुसतं बसून राहिले असते, आपोआप विसरायला झालं असतं. मी सत्तावीस वर्षं त्यांच्याबरोबर सुखात काढली. संसार चांगला असतो हे मला त्यांनी शिकवलं. वाईट झाला असता, तर पुन्हा त्या वाटेकडे मी ढुंकून बघितलं असतं का?"

आप्पांनी फोटोवरची नजर काढली. सदूने दुसरा मुद्दा काढला. "आणि राहीच्या बाळंतपणाचं काय?"

आता आपण बोललं नाही तर जन्मभर बोलता येणार नाही, असं राहीला वाटलं. "माझ्या बाळंतपणाला माझी आई येणार आहे," ती म्हणाली. "मी तुम्हाला दोनदा सांगितलंय. दिवाळीत एकदा आणि संक्रांतीला एकदा."

"ती महिनाभर राहील. पुढे?"

"पुढे आपण दोघं आहोत की. सासूबाई मला आवडतात. त्या चार दिवस आल्या तर मला आनंदच होईल. पण नोकरी सोडून, पाळणा हलवायला म्हणून त्यांना आणायचं, हे मला कुणी विचारलं नव्हतं. त्यांनाही नाही विचारलं."

सदूने बायकोकडे असं पाहिलं, जणू तीही कोणाशी तरी लग्न करून निघाली होती. मग तो काकूकडे वळला. लहानपणापासून आई रागावली की तो मोठ्या काकूकडेच जाई. "काकू, तू तरी सांग हिला."

सुनेत्रावहिनी तांदळाचं सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "मला यातलं काही ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या.

"ते असू दे," आप्पा म्हणाले. त्यांना आता मुद्दा सापडला होता. "पण लीला, हिचा विचार कर. एवढ्या मोठ्या घरात मी दिवसभर बागेत असतो. सुनेत्राला सोबत कोण? तिने दुपारी कोणाशी बोलायचं? ती काही बोलणार नाही, पण..."

"मग तुम्ही तरी कशाला बोलता?"

सूप खाली ठेवलं गेलं. राहीने मोठ्या सासूबाईंना आप्पांचं बोलणं तोडताना कधी पाहिलं नव्हतं.

"माझं नाव मध्ये घालू नका," सुनेत्रावहिनी म्हणाल्या. "सकाळपासून मी मनात हेच म्हणत होत्ये, लीला गेली तर मला सोबत कोण. आत्ता तुमच्या तोंडून ऐकलं आणि माझी मलाच लाज वाटली. मला कंटाळा येऊ नये म्हणून हिने इथे बसून राहायचं? सदूला सोयीचं व्हावं म्हणून ठाण्याला जायचं? आपण सगळे तिला वाटून घ्यायला बसलोय इथे. तो एकटाच माणूस, ज्याने तिच्याकडे काही मागितलेलं नाही. हिनेच त्याला विचारलं."

"तिने विचारलं?" आप्पा आणि सदू एकदमच म्हणाले.

तेवढ्यात ओटीवर कोणीतरी खाकरलं. दार उघडंच होतं. सुर्वे उंबऱ्याबाहेर चप्पल घालून उभे होते, सदऱ्याला झोपेची एकही सुरकुती नव्हती.

"मला सगळं ऐकू आलं," ते म्हणाले. "त्याबद्दल माफ करा. मी निघतो. एवढंच सांगतो, की मी होकार दिलाय तो विचार करून दिलाय. मोडायचा तर बाईंनी मोडावा, त्यांच्यावर माझा राग नसेल. माझ्याकडून तो मोडणार नाही."

"मी मोडत नाही," लीला म्हणाली.

"मी यांना स्टँडवर सोडून येतो," असं म्हणत सदूने खुंटीवरचा सदरा ओढला. त्याचा सूर काही पाहुण्याला पोचवण्याचा नव्हता. सुर्वे मात्र "चला" म्हणाले.

*

आळीचं वळण येईपर्यंत सदू दोन पावलं पुढेच चालत होता. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, त्यावर वाळत घातलेली धुणी, कुठे कुत्रं झोपलेलं. मनाशी तयार केलेली सगळी वाक्यं सदू विसरला होता.

"तुम्हाला माझी आई कशासाठी हवीय?" त्याने शेवटी विचारलं. "स्वयंपाकाला?"

"स्वयंपाक मी करतो. नऊ वर्षं करतोय. त्यांना माझ्या हातचं आवडेल की नाय, तीच भीती आहे."

"मग?"

सुर्वे चालता चालता थांबले. माइकवर कधी न अडखळणाऱ्या त्या माणसाला आता शब्द जुळवायला वेळ लागत होता.

"माझी मंडळी गेली ना, सदानंदराव, त्यानंतर मला कोणी चूक म्हणायचंच बंद झालं. हौसा म्हणायची, बाबा तुम्हाला हवं तसं करा. शेजारी म्हणायचे, तुम्ही म्हणाल तसं. ऑफिसात तर काय, साहेब साहेब. दिवसभर शेकडो माणसांना मी सांगतो, इकडे जा, तिकडे जा, ती जातात. पण उलट कोणी बोलत नाय. एक दिवस खिडकीशी एक बाई आल्या आणि म्हणाल्या, तुमचा रू चुकलाय. त्या दिवशी मला घरी जाऊन जेवण गोड लागलं. का ते पुष्कळ दिवस कळलं नाय."

सदूला आईची लाल शाई आठवली. लहानपणी त्याने मावशीला लिहिलेली पत्रंसुद्धा ती तपासून पोस्टात टाकायची. बाबा तिच्या दुरुस्त्या हौसेने करून घेत. घरात किराणा मालाची यादी लिहायची तरी म्हणायचे, बघ गो, शुद्ध आहे ना? ती दोघं त्यावरून किती हसायची, हे सदूला कित्येक वर्षांत आठवलं नव्हतं.

"बाबांचा फोटो तिच्याबरोबर येईल," तो जरा उद्धटपणे म्हणाला.

"यायलाच हवा. आमच्याकडे ओटीवर माझ्या मंडळीचा आहे. बाई म्हणाल्या, दोन्ही शेजारी लावू. मी म्हटलं, त्या दोघांची ओळख नाय, संकोचतील." सुर्व्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "माझी थट्टा वाईट वाटली तर सोडून द्या."

वाईट वाटायला हवं होतं, पण सदूला ते जमलं नाही. तो मान फिरवून रस्त्यापलीकडच्या दुकानाकडे बघत राहिला.

"शाळेचं काय करणार ती? देवरूखला गेल्यावर?"

"सोडणार नाहीत. हातखंबा मध्येच पडतं. इकडून गेल्या काय, तिकडून आल्या काय. मी मार्चअखेर निवृत्त होतोय, सकाळी गाडीवर पोचवायला येत जाईन."

स्टँड आला. देवरूख गाडी लागली होती, आणि माइकवरून दुसऱ्या कोणाचा तरी बारीक आवाज घाईघाईने काहीतरी सांगत होता. सुर्व्यांनी तो ऐकून किंचित मान हलवली.

"मला वेळ लागेल," सदू म्हणाला. "मी एकदम हो म्हणणार नाही. आणि तुम्हाला बाबा वगैरेही म्हणणार नाही."

"नका म्हणू. तुमचे एक होते, ते चांगले होते, असं ऐकलंय. मला सुर्वे म्हणा." गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून ते वळले. "आणि वेळ घ्या. नोंदणीची नोटीस तीस दिवसांची असते."

*

दिवेलागणीला आप्पा मागच्या बागेत गेले. मोहोर बघायला जातो म्हणाले, पण मोहोर सकाळीच बघून झाला होता. कलमांच्या मधून एक फेरी मारून ते विहिरीच्या पायरीवर बसले.

साठ वर्षं झाली आणि दिवसभर घरातल्या बायका आपल्यापेक्षा शहाण्या आहेत, एवढंच ऐकायला मिळालं, असा विचार त्यांच्या मनात आला. मग बाळाचा विचार आला. बाळा त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. बाळाच्या लग्नात ते पंचावन्न साली वऱ्हाड घेऊन गेले होते, तेव्हा मुलीचा बाप नव्हता. तिचा थोरला भाऊ मांडवात पुढे झाला होता. हडकुळा, घाबरलेला तरुण. निरोपाच्या वेळी तो आप्पांना बाजूला घेऊन म्हणाला होता, लीला फार बोलते, सांभाळून घ्या. तो भाऊही आता राहिला नव्हता.

वाळलेले कपडे काढायला लीला मागे आली. आप्पांना बघून दोरीशीच थबकली.

"सदू आला का?" आप्पांनी विचारलं.

"आला. राहीशी भांडून झालं. आता दोघं मिळून सुरण कसा करायचा ते वहिनींना विचारतायत."

"काय म्हणाला?"

"वेळ लागेल म्हणाला."

"त्याचा बापही तसाच होता. कबूल करायचा, पण आधी दोन दिवस रुसायचा." आप्पांनी पायरीवरची पानं हाताने बाजूला केली. "नोंदणीला साक्षीदार किती लागतात?"

"तीन. त्यांच्याकडून हौसाचे यजमान आहेत. माझ्या शाळेतल्या एक बाई आहेत. तिसरं कोणीतरी बघू."

"आणि तुझ्याकडून उभं कोण राहणार? माहेरचं आता कोणी नाही ना?"

"नाही. मीच राहीन उभी. तिथे कचेरीत टेबल असतं, आप्पा, मांडव नसतो."

"टेबल असलं म्हणून काय झालं? मुलगी एकटी जात नाही." आप्पा बोलले आणि आपणच काय बोललो ते त्यांच्या मग ध्यानात आलं. पुढे बोलताना ते लीलाकडे न बघता कलमांकडे बघत होते. "मला अजून हे पटलेलं नाही. भाऊबंदांत चार लोक मला विचारतील, त्यांना काय सांगायचं ते मला ठाऊक नाही. दुपारी मी जे बोललो, ते मात्र बोलायला नको होतं. बाळाला आवडलं नसतं. तिसरी सही मी करीन. आणि देवरूखला तुला पोचवायला मी आणि सुनेत्रा येणार. सुर्व्यांना सांगून ठेव, मानपान नको म्हणतील, पण मुलीच्या थोरल्या भावाचा मान असतो, तो मी घेणार."

लीलाच्या हातातले कपडे तसेच राहिले. दिवसभरात तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते आता आलं, आणि तिने ते आप्पांच्याच वाळलेल्या पंच्याने पुसलं.

"म्हणजे हे घर आता माझं सासर नाही," ती म्हणाली.

"नाही. माहेर."

एकतीस वर्षांत ती आप्पांसमोर कधी बसली नव्हती. वाढायला आली तरी उभ्याने, बोलायला आली तरी दाराआडून, आणि आज सगळ्यांशी भांडली तीसुद्धा उभ्यानेच. आता तिने कपड्यांचा गठ्ठा बाजूला ठेवला आणि आप्पांच्या शेजारी पायरीवर बसली. आप्पांनी सरकून जागा दिली.

"मग आधीच सांगून ठेवते," लीला म्हणाली. "माहेरी आल्यावर मी कामाला हात लावणार नाही."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून सुनेत्रावहिनींचा आवाज आला. त्या किती वेळ तिथे उभ्या होत्या कोण जाणे.

"नको लावूस," त्या म्हणाल्या. "पण दर रविवारी यायचं."